वाऱ्यावर आळ

तुळशीदास विमानातून उडी मारून उतरणार, ही बातमी दाभोशाच्या पाड्यावर आठवडाभर आधीच पोचली होती. तो मूळचा तिथलाच. सतरा वर्षं सैन्यात, त्यातली बरीचशी छत्रीधारी तुकडीत. निवृत्त झाल्यावर तो एका स्कायडायव्हिंग क्लबात शिकवायला लागला. अकराशे चाळीस उड्या त्याच्या नावावर होत्या, पण पाड्यानं त्यातली एकही पाहिलेली नव्हती. लोकांनी पाहिले होते ते फोटो, आणि त्याच्या वहिनीनं, प्रमिलानं, तेसुद्धा फारसे मनावर घेतले नव्हते.

"फोटोत आमचे हे पण बुलेटवर बसलेत," ती म्हणायची. "बुलेट दुकानदाराची होती."

प्रमिला गावची पोलीस पाटील. तिचा नवरा पंढरी जव्हार-दाभोसा जीप चालवायचा. दीर घरी आला की त्याची मस्करी करायची हा तिचा हक्क होता आणि हा हक्क ती सोडत नसे.

नोव्हेंबरात जव्हारला पर्यटन महोत्सव ठरला. उत्सव समितीनं क्लबाला बोलावलं: शनिवारी आणि रविवारी तीन जण विमानातून उडी मारतील आणि दाभोशाच्या वरच्या माळावर उतरतील. माळ मोठा, मोकळा, झाडं कडेला. फक्त पूर्वेच्या बाजूला तो एकदम खाली उतरतो आणि तिथं पाड्याची घरं, भाताची खाचरं आणि खळी लागतात.

जमिनीवरची सगळी जबाबदारी वर्षालीची होती. ती मोखाड्याची, वय सत्तावीस, चौसष्ट उड्या. तिला शिकवलं होतं तुळशीदासनंच. वारा मोजायचा, गर्दी दोरीच्या मागे ठेवायची, काही खटकलं तर रेडिओवरून वैमानिकाला सांगून उडी रद्द करायची, हे तिचं काम. क्लबाचा नियम असा की उडी मारणाऱ्यानं आदल्या दिवशी उतरायच्या जागेवरून पायी फिरायचं आणि आपण कुठून येणार, कुठे वळणार, हे मोठ्यानं बोलून दाखवायचं. मग वर्षाली तिच्या कागदावर खूण करणार.

शुक्रवारी दुपारी तिघांपैकी मुकेश आणि दुसरा उडीवाला माळ फिरून आले. तुळशीदास जीपच्या बॉनेटला टेकून चिकू खात होता.

"सर, तुमचं राहिलं," वर्षाली म्हणाली.

"मला? या माळावर मी गुरं राखलीत. माझाच माळ मला दाखवतेस?"

सगळे हसले. वर्षालीही हसली. आणि हसता हसता तिनं त्याच्या नावासमोर खूण करून टाकली. मग ते तिघे विमान जिथून सुटणार होतं त्या लांबच्या धावपट्टीकडे निघून गेले.

शनिवारी सकाळी माळावर जत्रा भरली होती. मोखाड्याहून, वावरहून जीपगाड्या भरून लोक आले होते. मधोमध नारिंगी कापडाची मोठी फुली अंथरली होती आणि बांबूला वाऱ्याची दिशा दाखवणारी लांबट कापडी पिशवी बांधली होती. पोरं तिला मोजा म्हणत होती. मोजा बांबूला चिकटून लोंबत होता. वर्षालीनं दहा वाजता वारा मोजला, वहीत लिहिला आणि रेडिओवर सांगितलं, "या."

विमान आलं, माशीएवढं. तीन ठिपके सुटले. लोकांनी श्वास रोखून धरला. मग एक निळी, एक पिवळी आणि एक लाल छत्री उघडली आणि माळावर असा काही ओरडा झाला की कडेला चरणारी बैलजोडी दावं तोडून पळाली.

निळी छत्री फुलीवर उतरली. पिवळी तिच्यापासून दहा पावलांवर. लाल छत्री तुळशीदासची. ती माळावर वळायच्या ऐवजी सरळ पूर्वेकडे निघाली.

"कुठे चाललेत हे?" मुकेश छत्री गोळा करता करता म्हणाला.

वर्षालीनं रेडिओ उचलला आणि तसाच खाली ठेवला. तुळशीदासकडे रेडिओ नव्हता. तो फक्त नवशिक्यांना देतात.

खाली पाड्यावर प्रमिला खळ्यात उभी होती. अर्धं भात झोडून झालं होतं, ते सुपानं उपणायचं होतं. राहिलेल्या भाताच्या भाऱ्यांची उडवी खळ्याच्या कडेला उभी होती, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, गोल रचलेली. डोक्यावर सावली आली म्हणून प्रमिलानं वर पाहिलं. लाल छत्री घराच्या कौलांवरून चालली होती आणि खाली लटकलेला दीर हात हलवत होता.

"वहिनीऽऽ!"

प्रमिलानं सूप उंच करून हलवलं. तिला मनापासून आनंद झाला होता, हे तिनं नंतर कबूल केलं.

पुढचं सगळं चार-पाच सेकंदांत झालं. तुळशीदासनं हात हलवून झाल्यावर माळाकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की माळ आता त्याच्या वर आहे. परत तिथं पोचण्याइतकी उंची उरलीच नव्हती. समोर विजेची तार होती. अशा वेळी हलकेच बाजूला सरकून मिळेल त्या खाचरात उतरायचं, हे तो गेली आठ वर्षं पोरांना शिकवत होता. पण ओढ माळाची लागली होती, लोक तिथं वाट बघत होते. त्यानं उजवी दोरी सगळी खाली ओढली. इतक्या कमी उंचीवर असं जोरात वळवलं की छत्री उतरत नाही, ती सूर मारते. लाल छत्री आडवी झाली आणि खाली लटकलेला माणूस गोफणीतल्या दगडासारखा फिरला. दोन्ही दोऱ्या ओढून त्यानं शेवटच्या क्षणी ती कशीबशी सरळ केली, आणि पायांनी, मग कमरेनं, मग आख्खाच उडवीत घुसला.

उडवी सावकाश बसली, जशी म्हातारी माणसं बसतात. कोंबड्या ओरडत पसार झाल्या. वरून लाल कापड येऊन सगळ्यावर पसरलं.

प्रमिला कापडाजवळ गेली.

"आहात का?" तिनं विचारलं.

"आहे," आतून आवाज आला.

"सगळे?"

कापड दोन-तीनदा हललं. "उजवा पाय सोडून."

वर्षाली उतारावरून धावत आली तेव्हा प्रमिलानं त्याला बाहेर ओढून खाटेवर घातलं होतं. केसांत पेंढा, कानात पेंढा. घोटा सुजून नारळाएवढा. वर्षालीनं बूट कापून काढला, पाय दोन फळ्यांमध्ये बांधला, डोकं, मान, पाठ तपासली. एकही पायरी तिनं चुकवली नाही. पंढरीला फोन केला. तो प्रवासी घेऊन निघाला होता, त्यांना उतरवून यायला अर्धा तास लागणार होता.

मग तिनं पिशवीतून कागद काढला. अपघात झाला की तासाभरात अहवाल लिहायचा, आठवण ताजी असताना. अकरा प्रश्न. पुढच्या शुक्रवारी क्लबात तो सगळ्यांसमोर वाचायचा. हा नियम तुळशीदासनंच घालून दिला होता.

"लिही," तो डोळे मिटून म्हणाला. "जमिनीपासून दीडशे फुटांवर अचानक आडवा वारा आला. छत्री कलंडली. दिशा सावरण्याचा प्रयत्न केला."

वर्षालीनं लिहायला घेतलं. 'अचानक' या शब्दापर्यंत आली आणि तिचं पेन अडखळलं. तिनं सरांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि उरलेलं वाक्य पूर्ण केलं.

"साक्षीदार कोण?" प्रमिलानं विचारलं. कागद दिसला की तिच्यातली पोलीस पाटील जागी व्हायची.

"तुम्हीच. खाली सही लागेल."

"मग आधी वाचून दाखव."

वर्षालीनं वाचलं. प्रमिलानं शांतपणे ऐकलं, मग पदर कमरेला खोचला.

"कुठला वारा?"

"वहिनी," तुळशीदास म्हणाला, "वरचा वारा वेगळा असतो. खाली उभ्या माणसाला तो कळत नाही."

"भाऊजी, सकाळी सातपासून मी सूप घेऊन उभी हाय. कशाची वाट बघत होते? वाऱ्याचीच ना! वारा आला असता तर भात उपणून माझा कणग्यात गेला असता. पदर हलला नाय माझा. तुमच्या एकट्यासाठी कुठून आला तो?"

"थोडा वेळच आला."

"आन मला न सांगता गेला?"

वर्षालीला हसू आलं, ते तिनं खाली बघून गिळलं. "दहा वाजता ताशी चार किलोमीटर होता," ती वहीत बघत हळूच म्हणाली. "दहा-दहाला तीन."

"वर्षाली, तू लिहितेयस की पंचायत भरवतेयस?"

"नऊ वर्षं पंचनामे करते मी," प्रमिला म्हणाली. "चोर असो, बैल असो, खोट्यावर सही केली नाय. वाऱ्यावर आळ घालायचा तर तो बिचारा इथं उभा पण नाय, आपली बाजू सांगायला."

"ठीक आहे, सही नका करू. अहवाल तसाच जाईल." तुळशीदासचा आवाज चढला होता. पायही ठणकत होता. "वर्षाली, पुढचा प्रश्न."

वर्षालीनं मान खाली घातली. दोनदा पेनचं टोपण लावलं, दोनदा काढलं. ज्या माणसानं पहिल्या उडीच्या वेळी विमानाच्या दारात तिचा हात धरून 'मी आहे' म्हटलं होतं, त्याला खोटारडा म्हणायचं तिच्यानं होईना. तिनं वाचलं, "प्रश्न सातवा. असा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून काय उपाय सुचवता?"

तुळशीदासनं तोंड फिरवलं.

"मी सुचवते," वर्षाली म्हणाली आणि मोठ्यानं बोलत लिहायला लागली, "संबंधित वाऱ्याला बोलावून समज देण्यात यावी."

प्रमिला हसली ती अशी की तिला खळ्यात बसावं लागलं. तुळशीदासनं राग धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण पोट हलायला लागलं. हसलं की पाय दुखत होता आणि दुखलं की कण्हण्यातून पुन्हा हसू फुटत होतं.

हसणं ओसरलं तशी प्रमिला मात्र गंभीर झाली. हातातली काडी मोडत बसली.

"पोरी, माझं पण एक लिही," ती म्हणाली. "गुरुवारी मी भाऊजींना फोन केला होता. म्हटलं, माळावर काय, कोण पण उतरेल. घरावरून जाऊन दाखवा, तर मानू. मस्करीत म्हटलं. पण म्हटलं."

एक कोंबडी परत येऊन सांडलेलं भात टिपायला लागली.

"वहिनी, ते लिहायची गरज नाही," तुळशीदास शेवटी म्हणाला. आता त्याचा आवाज शिकवतानाचा झाला होता, सावकाश. "तुम्ही पन्नास वेळा म्हणालात तरी दोऱ्या माझ्या हातात होत्या. उंची बघायचं घड्याळ माझ्या मनगटावर होतं. मी ते पाहिलंच नाही. मी तुमचं सूप बघत होतो."

त्यानं वर्षालीकडे हात पुढे केला. तिनं कागद दिला. वाऱ्याचं वाक्य त्यानं आडवी रेघ मारून खोडलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: घरच्या माणसांना दिसावं म्हणून ठरलेला मार्ग सोडला. उंची तपासली नाही. तीनशे फुटांखाली तीव्र वळण घेतलं, जे घ्यायला मी इतरांना सक्त मनाई करतो. छत्रीत दोष नव्हता. वारा नव्हता.

लिहून झाल्यावर तो कागदाकडे बघत राहिला. "तुला माहीत आहे वर्षाली, पहिल्या वीस उड्यांत मी इतका घाबरायचो की प्रत्येक गोष्ट तीनदा तपासायचो. आता कधी कधी तपासल्यासारखं करतो नुसतं."

"सर, मी पण केलं," वर्षाली म्हणाली. "काल तुम्ही माळ फिरला नाहीत आणि मी खूण केली. तुम्ही हसलात म्हणून."

"मग तेही लिही."

"तुमचं नाव येईल त्यात."

"आलंच आहे की. आता एकटं कशाला ठेवतेस?"

तिनं लिहिलं. मग प्रमिला अडून बसली की फोनचंही लिहायचंच. तुळशीदास नको म्हणाला, ती हो म्हणाली, आणि शेवटी वर्षालीनं 'इतर माहिती' या सदरात एक ओळ टाकली: साक्षीदारांनी चिथावणी दिल्याचे साक्षीदार स्वखुशीने सांगतात. प्रमिलानं ती दोनदा वाचून घेतली, समाधानानं मान हलवली आणि सही ठोकली.

इतक्यात मुकेश आणि दुसरा उडीवाला उडीच्या रंगीत कपड्यांतच धापा टाकत आले. सर जिवंत आहेत, बोलतायत, हे बघून दोघांना हायसं वाटलं. प्रमिलाला दोन धडधाकट माणसं आयती मिळाली.

"उडवी परत रचायचीय," ती म्हणाली. "लागा."

मुकेशनं सहाशे उड्या मारल्या होत्या, उडवी एकही रचली नव्हती. त्यांनी भारे आणले, एकावर एक ठेवले, कंबरेएवढं झाल्यावर मागे सरून अभिमानानं पाहिलं. प्रमिलानं एका बोटानं ढकललं. अर्धी बाजू घसरली.

"कणसं आत, बुडखे बाहेर. उलटं लावलंत तर पाणी आत जाईल आणि सगळं काळं पडेल. पहिल्यापासून लावा."

"वहिनी, पाऊस तर संपला ना?" मुकेश म्हणाला.

"तुम्हाला सांगून गेला का तो?"

त्यांनी पहिल्यापासून लावलं. तिसऱ्या खेपेला ती स्वतः चढली, वरचे भारे घट्ट दाबले, खाली उतरली आणि चारी बाजूंनी फिरून पाहिलं. मग परत चढून एक भारा सरकवला. पुन्हा उतरून पाहिलं. मुकेश कंटाळून म्हणाला, "अहो किती वर्षं करताय हे, आता डोळे मिटून जमत असेल की."

"जमतं ना," प्रमिला म्हणाली. "दोन वर्षांमागं डोळे मिटूनच केली होती. शेळीवर पडली."

खाटेवर तुळशीदास आडवा होता. मुकेशला त्यानं हातानं खूण केली: ऐक.

पंढरी जीप घेऊन आला, उडवीकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "दार उघडं ठेवलं असतं की आम्ही." जव्हारच्या दवाखान्यात पायाचा फोटो काढला. घोट्याचं हाड चिरलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर.

रविवारी वर्षालीनं मुकेशला आणि त्याच्या जोडीदाराला पहाटे माळावर उभं केलं आणि दोघांना माळ फिरायला लावलं. मुकेशनं कुरकुर केली की आपण परवाच फिरलो. वर्षाली हसली नाही. कागद हातात धरून उभी राहिली. मुकेश निघाला, आणि पूर्वेच्या कडेला पोचल्यावर थांबून स्वतःहून म्हणाला, "ही तार मला परवा दिसली नव्हती." दोघं दुपारी फुलीवर उतरले. तुळशीदास कुबड्या घेऊन मंडपात बसला होता. निवेदकानं त्याच्यापुढे माइक धरला आणि म्हणाला, "काल वाऱ्यानं घात केला, पण आमचे वीर डगमगले नाहीत!"

तुळशीदासनं माइक घेतला. "वाऱ्यानं काही केलं नाही," तो म्हणाला. "मी शायनिंग मारत होतो."

माळ हसला. प्रमुख पाहुण्यांना हसावं की नाही हे कळेना, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शुक्रवारी क्लबात त्यानं अहवाल स्वतः वाचला, अकराच्या अकरा उत्तरं, प्रमिलाच्या ओळीसकट. मग मागच्या रांगेतली कमू नावाची विद्यार्थिनी उभी राहिली. तिच्या तीस उड्याही झाल्या नव्हत्या. ती म्हणाली की गेल्या महिन्यात तिनं छत्रीचा एक पट्टा न लावताच विमानात पाय ठेवला होता, विमान वर गेल्यावर लक्षात आलं, आणि सर काय म्हणतील म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ती बसते न बसते तोच दुसरा उठला. त्या दिवशी वर्षालीला कोरे कागद कमी पडले. क्लबानं तुळशीदासला तीन महिने उडीबंदी केली. ती ठरवणाऱ्या बैठकीत त्याला बोलू दिलं असतं तर तो चार म्हणाला असता, असं मुकेशचं मत.

मार्चमध्ये बंदी उठली. त्यानं जागा पायी फिरून घेतली, आपला मार्ग वर्षालीला मोठ्यानं सांगितला, दोन प्रश्न तिनं विचारले त्यांची उत्तरं दिली आणि अकराशे बेचाळिसावी उडी मारली. हजार फुटांवर वळला, सहाशेवर वळला, तीनशेवर सरळ झाला आणि मैदानाच्या मधोमध दोन पायांवर उतरला. इतकं साधं उतरणं की शूटिंग करणाऱ्या कमूनं अर्ध्यातच मोबाइल खाली घेतला आणि पाणी प्यायला गेली.